टोमॅटोचा घरगुती पास्ता सॉस : आपले अनुभव लिहावेत

हिवाळ्यात कॉटन मार्केटपासून गोकुळपेठेच्या बाजारापर्यंत लालभडक टोमॅटोचे ढीग लागतात आणि भावही उतरलेले असतात, त्यामुळे पास्त्याचा सॉस घरी करण्यासाठी नागपुरात याहून चांगला काळ नाही. बाटलीतले केचप, कॉर्नफ्लोर आणि गरम मसाला न घालता ज्यांनी तो केला आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे.

माझे प्रमाण एक किलो टोमॅटो, चार टेबलस्पून ऑलिव्ह तेल, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि मीठ एवढेच आहे. टोमॅटोंच्या बुडाशी फुलीसारखी चीर देऊन ते अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात टाकले की साल सहज सुटते. बिया काढू नयेत, कारण बियांभोवतीच्या रसाळ भागात चव वाढवणारे ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा अधिक असते. लसूण मंद आचेवर फिकट सोनेरी होताच कुस्करलेले टोमॅटो घालावेत आणि तेल कडेने सुटेपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण तास, झाकण न ठेवता शिजवावे.

महालातून :
ताई, आपली पद्धत उत्तम आहे. मी केवळ टोमॅटोच्या निवडीविषयी लिहिते. इटलीत व्हेसुव्हियसच्या परिसरातला सान मार्झानो टोमॅटो सॉससाठी नावाजलेला आहे, कारण तो लांबट, गरदार आणि कमी बियांचा असतो. आपल्या बाजारातले गोल गावरान टोमॅटो रस्साभाजीला छान असले, तरी सॉसमध्ये त्यांचा आंबटपणा फार पुढे येतो, म्हणून मी लांबट, पूर्ण पिकलेलेच निवडते. तरीही आंबट वाटल्यास साखरेऐवजी किसलेले गाजर लसणासोबत परतते. भांडे मात्र स्टीलचे जाड बुडाचे घ्यावे. लोखंडी कढईत टोमॅटोचे आम्ल लोखंडाशी प्रक्रिया करते आणि सॉसला धातूची चव येते.

प्रतापनगरातून :
बेसिल मिळत नाही म्हणून अंगणातली तुळस घालणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की तसे करू नये, कारण तिचा लवंगेसारखा उग्र गंध टोमॅटोवर मात करतो. उन्हाळ्यात आपण सरबतात ज्याचे बी घालतो तो सब्जा आणि इटालियन बेसिल या एकाच प्रजातीच्या वनस्पती आहेत. आमच्या गच्चीवरच्या कुंडीत सब्जा सहज वाढतो. त्याचा वास बेसिलपेक्षा थोडा वेगळा असला, तरी गॅस बंद केल्यावर हाताने तोडून घातलेली चार-सहा पाने सॉसला फार सुंदर सुगंध देतात.

मनीषनगरातून :
पास्ता शिजवलेले पाणी सगळे ओतून देऊ नये. त्यात उतरलेल्या पिठूळपणामुळे सॉस पास्त्याला नीट धरून राहतो; वाटीभर पाणी पुरेसे होते.

धंतोलीतून :
मी जानेवारीत एकदम बराच सॉस करून लहान डब्यांत गोठवते. गोठताना तो फुगतो, म्हणून डब्यात वर बोटभर जागा सोडते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तो तीन-चार दिवसांत संपवावा. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा तयार सॉस ओट्यावर तासाभराहून अधिक ठेवू नये आणि वर तेलाचा थर आहे म्हणून तो टिकेल असेही मानू नये, कारण तेलाखालच्या लसणात हवेशिवाय वाढणारे घातक जंतू तयार होऊ शकतात. कोणी ऑलिव्हऐवजी शेंगदाण्याच्या तेलात हा सॉस केला असल्यास चवीत काय फरक पडला, ते अवश्य लिहावे.