एचडीएमआय केबलमधून स्क्रीन शेजारी वाचता येते का?

प्रश्न:
सामाईक भिंतीला लागून टेबल आहे. २४ इंची मॉनिटर, ३ मीटरची साधी एचडीएमआय केबल, १९२०×१०८०, ६० हर्ट्‌झ. केबलमधून निघणाऱ्या लहरी पकडून भिंतीपलीकडे स्क्रीन वाचता येते म्हणतात. घरच्या नेटबँकिंगला खरंच धोका आहे का? भिंतीला ॲल्युमिनियम फॉइल लावू का?

प्रतिसाद १:
वाचता येते, आणि हे जुनं आहे. विम व्हॅन एक या डच संशोधकाने १९८५ मध्येच जुन्या सीआरटी (काचेच्या नळीच्या) पडद्यांवर हे दाखवलं होतं. संगणक सुरक्षेचे संशोधक मार्कुस कून यांच्या २००४ च्या कामातून सपाट स्क्रीनही सुटत नाही हे कळलं.

पण हिशोब बघा. तुमच्या रिझोल्यूशनला पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला १४.८५ कोटी पिक्सेल. स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) सेकंदाला जेमतेम २४ लाख नमुने घेतो. एका नमुन्यात ६२ पिक्सेल, म्हणजे चार-पाच अक्षरांचा एकच ठिपका. खिडक्यांच्या कडा दिसतील, मजकूर नाही. मजकुराला खूप रुंद फ्रिक्वेन्सी पट्टा घेणारा महागडा रिसीव्हर आणि दिशादर्शी अँटेना लागते. शिवाय चित्र स्थिर हवं, कारण अनेक फ्रेमची सरासरी काढूनच गोंगाट दबतो. तासभर उघडं राहिलेलं स्टेटमेंट म्हणूनच जास्त धोक्याचं.

प्रतिसाद २:
फॉइल नको. लहरी दार, खिडकी, छत कुठूनही वळसा घालतात. गळतीचं मूळ केबलच्या शील्डवरून (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणावरून) वाहणाऱ्या करंटमध्ये आहे, तिथेच हात घाला. ३ मीटरऐवजी १ मीटरची, फॉइल आणि जाळी अशी दुहेरी शील्ड असलेली केबल घ्या. शील्ड कनेक्टरच्या धातूच्या खोळीला चारी बाजूंनी जोडलेली हवी. एका बारीक तारेने जोडली असेल तर ती तारच अँटेना होते. दोन्ही टोकांना घट्ट बसणारी फेराइट क्लिप (असा करंट अडवणारं चुंबकीय कडं) लावा.

फरक मोजायला डोंगल पुरतो. ऑटो गेन (सिग्नल आपोआप कमी-जास्त वाढवणं) बंद करून २९७, ४४५.५ आणि ७४२.५ मेगाहर्ट्‌झवरचे, म्हणजे तुमच्या १४८.५ च्या दुप्पट, तिप्पट आणि पाचपटीवरचे, आलेखातले उंचवटे पाहा. शेजाऱ्याचा मॉनिटरही तिथेच दिसेल, म्हणून आपलं रिझोल्यूशन १२८०×१०२४ करा (क्लॉक १०८). उंचवटा गेला तर तो तुमचाच. १२८०×७२० करू नका: त्याचा क्लॉक ७४.२५, त्याच्या पटी नेमक्या याच जागी येतात. ग्राफिक्स कार्डचं स्केलिंगही (चित्र ताणून १०८० करणं) बंद हवं, नाहीतर केबलवर १०८०च जात राहतं.

प्रतिसाद ३:
एक गोष्ट राहिली. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर नुसते ठिपके असतात, त्यामुळे या वाटेने तो फुटत नाही. बँकेच्या ऑनस्क्रीन कीबोर्डवर मात्र दाबलेली कळ रंग बदलते, ती पकडली जाऊ शकते. पासवर्ड उघडा दाखवणारं डोळ्याचं चिन्हही दाबू नका.

मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर तो वापरा. त्यात डेटा स्क्रॅम्बल होऊन (ठरावीक पद्धतीने विस्कटून) जातो, चित्र जुळवणं बरंच अवघड होतं. पण डिस्प्लेपोर्टला साधा अडॅप्टर लावून एचडीएमआय केबल जोडलीत तर कार्ड एचडीएमआयचाच सिग्नल सोडतं आणि तो फायदा जातो.