मदत हवी आहे: भाऊ उजव्या ठोशापायी हरतोय

केदार_कारेलीबाग: धाकटा भाऊ बॉक्सिंग खेळतो. जॅब (पुढच्या, डाव्या हाताचा सरळ झटपट ठोसा) सुरेख, पाय हलके. पण उजव्या हाताचा ठोसा एकदा नीट बसला की बाकी सगळं विसरतो आणि तोच ठोसा शोधत फिरतो. परवा पुन्हा गुणांवर हरला. पुढची स्पर्धा तोंडावर आली आहे. काय करावं? लवकर सांगा.

स्वाती_रिंग: वय? वजन? किती वर्षं खेळतोय? कोच काय म्हणतात?

केदार_कारेलीबाग: 17, साठ किलोच्या आसपास. त्याने काय फरक पडतो?

स्वाती_रिंग: पडतो. या वयात 3 मिनिटांचे 3 राउंड असतात. समोरचा खाली पडला तरी जादा गुण नाही. स्वच्छ बसलेले ठोसे आणि रिंगवरची पकड बघतात. एका ठोशाची वाट बघण्यात राउंड निघून जातो.

दंडबैठक: जोर कमी पडतोय. रोज मुद्गल फिरवायला लावा. गामा पहिलवानाने उचललेला दगड आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आहे, मुलाला एकदा नेऊन दाखवा.

स्वाती_रिंग: अहो दादा, जोर भरपूर आहे, तीच तर अडचण आहे.

जुना_चाहता: ब्रिटनचा बॉक्सर नसीम हमेद आठवा. काय टायमिंग, काय चपळाई! पण समोरचे पडत गेले तसा एका फटक्यावर भर वाढत गेला. 2001 मध्ये लास वेगासला त्याच्याविरुद्ध बरेरा शांतपणे जॅब आणि डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारत राहिला आणि 12 राउंडनंतर जिंकला. अमेरिकन बॉक्सर वाइल्डरचंही तेच. नोव्हेंबर 2019 मध्ये ऑर्टिझविरुद्ध गुणांवर मागे होता, सातव्या राउंडला एका उजव्याने सामना संपवला. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्युरीने त्याला सतत मागे रेटलं, उजवा मारायला जागाच ठेवली नाही आणि हरवलं. ऑर्टिझवर मिळाला तसा एका ठोशाचा विजय मिळाला की खोड पक्की होते.

मोहन_अकोटा: पटत नाही. 1994 मध्ये 45 वर्षांचा बॉक्सर फोरमन गुणांवर मागे होता, दहाव्या राउंडला उजव्यानेच मूररला झोपवलं. देणगी आहे ती, दाबून टाकू नका.

जुना_चाहता: त्याआधी राउंडमागून राउंड जॅब मारत होता तो! उजव्याची वाट त्या जॅबने केली. हाच फोरमन 1974 मध्ये किन्शासाला नुसते घाव घालत सुटला होता, तेव्हा मुहम्मद अलीने त्याला आठव्या राउंडला पाडलं.

स्वाती_रिंग: केदार, स्पारिंगचा (सरावाच्या लढतीचा) पहिला राउंड फक्त डाव्या हाताने. नंतर उजवा चालेल, पण जॅबच्या मागोमाग आणि शेवट डाव्या हुकने. उजवा मारून जागेवर उभं राहायचं नाही. कोचचं सांगितलं नाहीत.

केदार_कारेलीबाग: कोच कोपऱ्यातून ओरडतात, "उजवा टाक, उजवा!"

स्वाती_रिंग: मग आधी कोचशी बोला. घरी आपण काहीही शिकवलं तरी रिंगमध्ये तो त्यांचंच ऐकणार.

मोहन_अकोटा: ग्लोव्हज किती औंसचे वापरतो?

केदार_कारेलीबाग: बघून सांगतो. उजवी मूठ सुजते, म्हणून सध्या सैलच बांधतो.

स्वाती_रिंग: सुजते?? हे आधी सांगायचं ना! उद्याच एक्स-रे काढा. तोवर पंचिंग बॅगवर उजवा बंद.