मॅरिलियन : फिश गेल्यानंतरचं काय ऐकावं? (सल्ला हवा)

अस्मानी

नमस्कार मंडळी. मॅरिलियन या ब्रिटिश प्रोग रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) बँडचा 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड' (१९८५) मामेभावाच्या कृपेने कॉलेजात असतानाच पाठ झाला होता. पुढे 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर'पासून 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज'पर्यंत गायक फिशचे चारही अल्बम कोळून प्यायले. १९८८ मध्ये फिशने बँड सोडला आणि माझं मॅरिलियनही तिथेच संपलं. आता बघते तर त्यानंतर नवा गायक स्टीव्ह हॉगार्थला घेऊन या लोकांनी डझनाहून जास्त अल्बम काढलेत!

मागच्या आठवड्यात 'सीझन्स एंड' (१९८९) लावला. वाईट अजिबात नाही. पण प्रत्येक ओळीला 'हे फिशने कसं म्हटलं असतं' हेच डोक्यात.

तर पहिला प्रश्न : कुठून सुरुवात करू? क्रमाने ऐकायला सांगू नका, तेवढा धीर नाही. वीस मिनिटांचं गाणं चालेल, शब्दांत दम हवा, रेडिओछाप काही नको.
दुसरा प्रश्न भांडण लावण्यासाठी : याला तोच बँड म्हणायचं का?

कॅसेटची_रीळ

भांडणापासूनच सुरुवात करतो. नाही म्हणायचं. १९८८ लाच नाव बदलायला हवं होतं.

अहो, तोंडाला रंग फासून सव्वासहा फुटांहून उंच स्कॉटिश माणूस स्टेजवर उभा राहायचा आणि 'ग्रेंडेल'सारखी सतरा मिनिटांची राक्षसकथा नुसती म्हणायचा नाही, करून दाखवायचा. 'शुगर माइस' ऐका. नोकरी गेलेला, घर सोडून आलेला बाप, मिलवॉकीतलं हॉटेल, बाहेर पाऊस, समोर टीव्ही. एवढ्या चार गोष्टींत तो माणूस पुरता उघडा पडतो. हॉगार्थ गातो छान, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या गाण्यांत मला पाणी, आकाश आणि प्रकाश फार भेटतात, माणसं कमी.

माझा सल्ला असा की तुम्ही बँडच्या मागे न जाता गायकाच्या मागे जा. फिशचा पहिला एकट्याचा अल्बम 'व्हिजिल इन अ विल्डरनेस ऑफ मिरर्स' (१९९०) आणि शेवटचा 'वेल्टश्मेर्झ' (२०२०). मधलं सगळं सारख्या तोलाचं नाही, पण ही दोन टोकं भक्कम आहेत.

रॉटरडॅमकर

रीळकाका पहिल्या दहा मिनिटांत हजर होणार हे माहीतच होतं. :)

'नाव बदलायला हवं होतं' हे मला कधीच पटलेलं नाही. बँड सुरू झाला १९७९ मध्ये, इंग्लंडातल्या एल्सबरीला. फिश आला १९८१ मध्ये. संस्थापक ड्रमर मिक पॉइंटरला पहिल्या अल्बमनंतर नारळ मिळाला, तेव्हा फिश होताच की बँडमध्ये. तेव्हा नाव बदला असं कुणी म्हटलं होतं? १९८४ च्या 'फुगाझी'पासून गिटारवर स्टीव्ह रॉदरी, कीबोर्डवर मार्क केली, बेसवर पीट ट्रेवावस आणि ड्रम्सवर इयन मोझली हे चौघे तेच आहेत. चाळीस वर्षांत बदलला तो फक्त गायक, तोही एकदाच. प्रोग रॉकमध्ये इतकं स्थिर बिऱ्हाड दुसरं दाखवा. 'येस' या बँडमध्ये किती जण आले-गेले याचा हिशेब ठेवायला वेगळी वही लागते.

आता अस्मानी, तुमच्या 'सीझन्स एंड'बद्दल. त्यात फिश सापडतोय हा नुसता भास नाही. त्यातलं बरंच संगीत फिश असतानाच तयार होत होतं. 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज'ची १९९९ मधली दोन सीडींची आवृत्ती मिळवा. दुसऱ्या सीडीवर फिशच्या आवाजातले त्या काळचे डेमो आहेत. 'स्टोरी फ्रॉम अ थिन वॉल' नावाचा एक डेमो आहे, तो ऐकताना चक्रावाल. त्याचं संगीत 'सीझन्स एंड'मधल्या 'बर्लिन'मध्ये आलं आणि फिशचे शब्द त्याच्या 'व्हिजिल'मधल्या 'फॅमिली बिझनेस'मध्ये गेले. घटस्फोटात भांडीकुंडी वाटून घ्यावीत तशी वाटणी झाली. त्यामुळे त्या अल्बमवरून हॉगार्थची परीक्षा घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यातलं 'ईस्टर' मात्र त्याने स्वतः आणलेलं, उत्तर आयर्लंडवरचं. तेवढं पुन्हा ऐका. रॉदरीचा सोलो कानावर पडला की गायक कोण हा प्रश्न निदान दोन मिनिटं सुटतो.

'हॉलिडेज इन ईडन' (१९९१) सोडून द्या. तुम्हाला नको ते नेमकं तेच आहे.

थेट 'ब्रेव्ह' (१९९४) लावा. सेव्हर्न पुलावर एक मुलगी भटकताना सापडली, ती कोण ते सांगेना, म्हणून पोलिसांनी रेडिओवरून ओळख पटवण्याचं आवाहन केलं. हॉगार्थने ते ऐकून टिपून ठेवलं होतं. ती पुलापर्यंत का आली असेल याचा सबंध अल्बम म्हणजे 'ब्रेव्ह'. रीळकाका, माणसं भेटत नाहीत म्हणता ना? इथे सत्तर मिनिटं एकच माणूस आहे. आणि गंमत म्हणजे एलपीच्या चौथ्या बाजूला दोन समांतर खाचा होत्या. सुई कुठल्या खाचेत पडेल त्यावर शेवट ठरायचा. एकीत मुलगी वाचते, दुसरीत शेवटी नुसता पाण्याचा आवाज.

हेडफोन लावून, रात्री, एका बैठकीत. तुकड्यातुकड्याने ऐकलात तर कंटाळाल.

मंद्रसप्तक

गाण्याच्या अंगाने दोन शब्द. फिश शब्द फेकतो. व्यंजनांवर जोर, वाक्याच्या शेवटी दात-ओठ खाणं, सुरुवातीला तर 'जेनेसिस'च्या पीटर गॅब्रिएलची छाया लपत नाही. हॉगार्थ स्वरावर राहतो, श्वास ऐकू येऊ देतो, आणि वर जाताना आवाज फाटू द्यायला घाबरत नाही. त्यामुळे बँडचं वाजवणंही बदललं. फिशच्या काळात कीबोर्डच्या पळत्या तानांवर शब्द स्वार असायचे, नंतर जागा मोकळ्या झाल्या, रॉदरी कमी स्वरांत जास्त बोलायला लागला. माझ्या मते खरा बदल हा आहे आणि तो चांगला आहे.

आपल्याकडे १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले तेव्हाही 'आता राहिलं काय' असंच लोक म्हणाले असणार. मग तिथेच दीनानाथ मंगेशकर गायले! गंधर्वांच्या गायकीच्या अगदी उलट गायकी. नक्कल करणारा आणला असता तर आज कुणाला आठवलं असतं?

कॅसेटची_रीळ

मंद्रताई, उदाहरण छान, पण पुढचं सोयीस्करपणे गाळलंत. दीनानाथही किर्लोस्कर सोडून गेले आणि त्यांनी स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीचं पुढे काय झालं ते सांगा की.

मंद्रसप्तक

म्हणूनच तर मॅरिलियनचं कौतुक! :D

पावती_फाडा

वारसा-वारसा म्हणताय तर पैशांचंही बोला. फिशच्या काळात यांना ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचं पाठबळ होतं. 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड' इंग्लंडात पहिल्या नंबरवर, त्यातलं 'केली' हे गाणं दुसऱ्या. 'अफ्रेड ऑफ सनलाइट' (१९९५) नंतर ईएमआयने हात झटकले. १९९७ मध्ये अमेरिकेचा दौरा परवडत नाही म्हटल्यावर तिथल्या श्रोत्यांनी इंटरनेटवर आपसांत साठ हजार डॉलर जमवले. बँडने मागितले नव्हते. त्यातून धडा घेऊन २००१ च्या 'अनोरॅकनोफोबिया'साठी बँडने एकही सूर रेकॉर्ड करण्याआधी लोकांकडून आगाऊ पैसे घेतले आणि बारा हजारांवर लोकांनी ते दिले. लोकांकडून आगाऊ पैसे जमवणारं किकस्टार्टर हे संकेतस्थळ त्यानंतर आठ वर्षांनी आलं.

संगीत आवडो न आवडो, कंपनीविना बँड कसा जगतो हे यांनी दाखवलं, आणि ते फिश गेल्यानंतरच्या बँडने दाखवलं. २०२२ चा 'ॲन अवर बिफोर इट्स डार्क' इंग्लंडात दुसऱ्या क्रमांकावर गेला. म्हणजे जवळजवळ 'केली'च्या दिवसांइतका वर, तेही रेडिओवर फारसं न वाजता.

कॅसेटची_रीळ

चार्टमधला नंबर आणि वारसा यांचा काय संबंध? पहिल्या आठवड्यात ठरलेले भक्त एकदम विकत घेतात, नंबर लागतो, पुढच्या आठवड्यात खाली. 'केली' माझ्या बहिणीलाही माहीत होतं आणि तिला प्रोग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बँडच्या बाहेरच्या जगाला आठवतं ते गाणं फिशचं आहे, एवढं तरी मान्य करा.

रॉटरडॅमकर

ते मान्यच आहे. पण अस्मानीने बाहेरच्या जगाला काय आठवतं ते विचारलेलं नाही.

नेदरलँड्समध्ये पोर्ट झेलांडला यांचा श्रोत्यांसाठीचा वीकेंड भरतो. मी गेलोय. तिथे फिशचे टीशर्ट घातलेले लोक हॉगार्थच्या 'नेव्हरलँड'ला रडताना पाहिलेत. हे भांडण प्रत्यक्षात तिथे कुणी करत नाही, ते इथे फोरमवरच चालतं. फिश आणि बाकीचे २००७ मध्ये एल्सबरीच्या चौकात 'मार्केट स्क्वेअर हीरोज' या एका गाण्यापुरते एकत्र आले होते. त्यांचं मिटलंय हो, आपलं मिटत नाही.

आणखी एक गाणं सुचवतो : 'अफ्रेड ऑफ सनलाइट'मधलं 'आउट ऑफ धिस वर्ल्ड'. १९६७ मध्ये कॉनिस्टनच्या तळ्यात पाण्यावरच्या वेगाचा विक्रम करताना 'ब्लूबर्ड' बोट उलटून गेलेला डोनाल्ड कॅम्बेल, त्याच्यावर. हे गाणं ऐकून एका पाणबुड्याने त्या बोटीचा शोध सुरू केला आणि २००१ मध्ये ती खरोखर वर काढली. तेव्हा काठावर हॉगार्थ आणि रॉदरी हजर होते. एखाद्या गाण्याने तळ्याच्या बुडातून बोट काढल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

अस्मानी

धागा भरकटेल वाटलं होतं, पण इतका कामाचा भरकटेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री सांगितल्याप्रमाणे 'ब्रेव्ह' एका बैठकीत ऐकला. सुरुवातीची पंधरा मिनिटं मनात फिश होता, मग 'द ग्रेट एस्केप' येईपर्यंत त्याची आठवणच झाली नाही. रीळकाका, 'व्हिजिल'ही यादीत आहे, रागावू नका. 'फॅमिली बिझनेस' आणि 'बर्लिन' एकापाठोपाठ लावून बघितले. फिशचे शब्द जास्त आवडले, संगीत 'बर्लिन'चं.

पुढचा 'मार्बल्स' (२००४) ना? की 'फिअर' (२०१६)? स्ट्रीमिंगवर 'मार्बल्स'च्या वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या दिसताहेत.

रॉटरडॅमकर

आधी 'मार्बल्स'. आणि दोन सीडींचाच. दुकानात आलेल्या एका सीडीच्या आवृत्तीत 'ओशन क्लाउड' नाही, आणि ते अठरा मिनिटांचं गाणं म्हणजे अटलांटिक एकट्याने वल्हवत पार करणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. यादीत ते नाव दिसलं नाही तर ती आवृत्ती बंद करा. 'फिअर' नंतर. तो पैशावर आणि सत्तेवर चिडलेला अल्बम आहे, शब्दांत दम हवा म्हणालात म्हणून आवडेल, पण हॉगार्थच्या आवाजाची सवय झाल्यावर.

कॅसेटची_रीळ

'ओशन क्लाउड' चांगलं आहे. इथे पहिल्यांदाच म्हणतोय, स्क्रीनशॉट काढू नका.

पावती_फाडा

काढला.