शब्दचर्चा : ‘आंतरधर्मीय विवाह’, ‘मिश्रविवाह’ आणि बेने इस्राएल समाज

प्रश्न :
रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल (कोकणातील मराठीभाषक ज्यू) कुटुंबांवरील एका लेखाचे संपादन करताना ‘आंतरधर्मीय विवाह’, ‘मिश्रविवाह’ आणि ‘जातीबाहेरचे लग्न’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने आलेले आढळले. ते एकमेकांच्या जागी वापरणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद :
योग्य ठरणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर अशी गावावरून पडलेली आडनावे लावणारा, घाण्यावर तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला हा समाज कोकणच्या गावगाड्यात एक जात म्हणूनच नांदला. त्यामुळे ‘जातीबाहेरचे लग्न’ हा शब्द येथे अस्वाभाविक नाही. मात्र त्याची व्याप्ती वेगळी आहे. मुंबईतील बगदादी ज्यू (इराक व आसपासच्या प्रदेशांतून आलेल्या ज्यूंच्या) घराण्याशी जुळलेली सोयरीक जातीबाहेरची म्हणता येईल, पण ती आंतरधर्मीय मुळीच नव्हे.

‘मिश्रविवाह’ हा शब्द मी स्वतः या संदर्भात वापरणार नाही. या समाजात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता. ही नावे रंगाची वाटली तरी भेद वंशाचा होता : बेने इस्राएल पुरुष आणि समाजाबाहेरील स्त्री यांच्या संततीचे वंशज मानले गेलेल्यांना ‘काळे’ म्हटले जाई. ती माणसे तोच धर्म पाळत असूनही त्यांच्याशी बेटीव्यवहार होत नसे आणि सिनेगॉगमधील (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातील) मानही त्यांना बरोबरीने मिळत नसत. पुढे इस्राएल देशात हाच संशय साऱ्या समाजावर घेतला गेला. बेने इस्राएल व्यक्तीने अन्य ज्यू व्यक्तीशी विवाह करण्यापूर्वी त्या बेने इस्राएल व्यक्तीच्या पूर्वजांची चौकशी व्हावी, असे निर्देश तेथील मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) मंडळाने १९६२ मध्ये काढले. त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेत हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर झाल्यानंतर त्या निर्देशांतून समाजाचे नाव वगळण्यात आले. ज्यांना रक्ताच्या शुद्धतेचा एवढा जाच सोसावा लागला, त्यांच्याविषयी लिहिताना ‘मिश्र’ हे विशेषण टाळणे मला अगत्याचे वाटते.

उपप्रश्न :
वधूने विवाहापूर्वीच ज्यू धर्म स्वीकारला असेल, तर कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद :
मग तो विवाह ‘आंतरधर्मीय’ राहत नाही. ज्यू धर्मशास्त्रानुसार ज्यू आणि ज्यू नसलेली व्यक्ती यांचा धार्मिक विवाह सिद्धच होत नाही. रीतसर धर्मस्वीकारानंतर मात्र वधू पूर्णपणे ज्यू ठरते आणि नवऱ्याने बायकोप्रती पत्करलेल्या जबाबदाऱ्यांचा लेख, म्हणजे केतुबा, सिनेगॉगमध्ये इतर कोणत्याही लग्नाप्रमाणे सर्वांसमक्ष वाचता येतो. अपत्याचा धर्म आईवरून ठरत असल्यामुळे हा तपशील पुढच्या पिढीसाठीही निर्णायक असतो. म्हणून लेखात ‘विवाहापूर्वी ज्यू धर्म स्वीकारलेली वधू’ असे सरळ लिहावे. ‘बाटणे’, ‘बाटवणे’ ही क्रियापदे दूषण देणारी आहेत. ती केवळ जुन्या मजकुराच्या अवतरणातच राहू द्यावीत.

‘नोंदणी विवाह’ हा शब्दही ‘आंतरधर्मीय विवाहा’चा पर्याय म्हणून वापरू नये, कारण एकाच धर्माची जोडपीही तो करतात. शिवाय काळाचे भान ठेवावे लागते. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म पाळत नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांतील विवाहांपुरती सवलत मिळाली. ज्यूंना ती मिळाली नाही. आपापला धर्म न नाकारता ज्यू-हिंदू जोडप्याला नोंदणी पद्धतीने विवाह करणे शक्य झाले ते १९५४ च्या अधिनियमामुळे. तेव्हा आपल्या लेखातील एखादे लग्न १९५४ पूर्वी १८७२ च्या कायद्याखाली नोंदले गेले असेल, तर ‘आंतरधर्मीय’ हा शब्द ठेवावा, पण त्या दोघांना धर्म नाकारल्याचे लिहून द्यावे लागले होते, हे त्याच वाक्यात नमूद करावे.