पँट वाळली का ओली हाय, हाताले कळतच नाई

तूरवाला: रात्री हरभऱ्याच्या ओलिताले जायाचं होतं, आमच्याकडं लाइन बारानंतर येते. दोरीवरची पँट काढली तं हाताले ओलीच लागे. बायको म्हणे दिवसभर उन्हात होती, कडक वाळली. चुलीपाशी दोन मिनिटं धरली तं खरंच कोरडी! दोन मिनिटात ओली पँट वाळते का राजेहो? मंग ओली काहून लागली?

शाळामास्तर: भाऊ, ओलं समजणारी वेगळी नसच आपल्या कातडीत नाही. झुरळाच्या मिशांत ती सोय आहे, माणसाला नाही, घ्या! आपल्याला थंड समजतं, दाब समजतो, चिकटलं-घसरलं समजतं, मेंदू या सगळ्याचा मेळ लावून ठरवतो की हे ओलं. कातडी असते ३२-३४ डिग्रीची, पाणी बहुतेक वेळा त्याहून गार, वरून वाफ होताना अंगातली गरमी ओढून नेतं, म्हणून गार लागलं की ओलं ही लहानपणापासूनची सवय. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ च्या आसपास हेच तपासलं, कोरडी पण गार वस्तू लावली तर लोकांना ओली वाटली, आणि ओली वस्तू कोमट करून लावली तर ती कमी ओली वाटली.

गमबूट: बरोबर हाय सर, ओलितात गमबूट घालून वाफ्यात उभं राह्यलो का पाय भिजल्यासारखेच वाटते, काढून पाह्यलं तं मोजा कोरडा ठक्क. मी उगाच तीनशेचा नवीन जोड आणला ना बाप्पा. पोराच्या हाताले पातळ पन्नी बांधून गुंडातल्या पान्यात बुडवा, तोबी ओला झाला म्हणंल.

तूरवाला: म्हंजे पानी ओलं नसतेच का? सगळा मनाचा खेळ?

शाळामास्तर: तसं नाही हो. पाणी कातडीला, कापडाला चिकटतं हे खरंच आहे. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावर बघा, थेंब घरंगळून जातो, पान कोरडंच. चिकटणं वेगळं, आपल्याला वाटणं वेगळं.

अकोल्याची ताई: एवढं पुरान कायले, कापड मुठीत दाबून धरा जरा वेळ. गरम झालं तं कोरडं, गारच राह्यलं तं ओलं. अन् भाऊ, दिवस बुडाल्यावर कपडे दोरीवर ठेवाचेच नाई, दहिवर पडते, मंग खरंच ओले होते. हे बायकोले नाई, स्वतःले सांगा.

तूरवाला: मुठीत धरून पाह्यलं. पँट कोरडी, बनियन ओली. बायकोले फक्त पँटीचं सांगतलं.