मदत हवी आहे: पद्मिनीतला जुना रेडिओ नुसता खरखरतोय

मुठाकाठ
रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. त्यांना त्यांच्याच १९७८ च्या पद्मिनीतून जेजुरीला न्यायचंय आणि वाटेत गाडीतला मूळ रेडिओ वाजायला हवा. बॅटरी नवी, फ्यूज ठीक, डायलचा दिवा लागतो. पण स्टेशन एकही नाही, नुसती खर्रर्र. दुकानदार सेट उघडूनही न बघता म्हणाला, "टाकून द्या, नवीन बसवतो." टाकायचा नाहीये. नेमकं काय बदलू? चारच दिवस आहेत, लवकर सांगा.

सोल्डरकाका
व्हॉल्व्हचा आहे की ट्रान्झिस्टरचा? चालू केल्या केल्या आवाज येतो की अर्ध्या मिनिटाने? इंजिन बंद असतानाही खरखरतो का? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

हडपसरी
एवढा व्याप कशाला? आतलं सगळं काढा आणि एफएम-ब्लूटूथचा बोर्ड टाका. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो. बटणं, डायल सगळं मूळचंच राहतं, बाहेरून कळतसुद्धा नाही. माझ्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये एका दुपारीत केलं.

सोल्डरकाका
काढायला एक दुपार पुरते हो, पण ट्यूनिंगच्या कॉइल आणि त्यातले फेराइटचे दांडे एकदा भंगारात गेले की परत कुठून आणणार? फोन लावायचाच असेल तर आतलं काही न काढता लावता येतो. व्हॉल्यूमच्या पॉटला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या खुंटीमागचा भाग) ज्या टोकाकडून आवाज येतो, तिथे १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून फोनची वायर द्यायची. डावा-उजवा चॅनेल मात्र थेट एकत्र पिळू नका, प्रत्येकात १ किलोओहमचा रेझिस्टर हवा.

हडपसरी
काका, मीडियम वेव्ह ऐकतो कोण आता?

सोल्डरकाका
आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. मी रोज सकाळी ऐकतो.

मिरजवाला
आउटपुटचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर गेला असणार. माझ्या गाडीत अगदी असंच झालं होतं, एडी१४९ बदलला आणि काम झालं. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही आणि उन्हात डॅशबोर्ड किती तापतो ते सगळ्यांना माहीत आहे.

सोल्डरकाका
तो गेला असता तर खरखर तरी कशी ऐकू आली असती? ती स्पीकरपर्यंत पोचतेय, म्हणजे मागची बाजू जिवंत आहे. दोष पुढच्या, म्हणजे स्टेशन पकडणाऱ्या बाजूला आहे. आणि धागाकर्ते, तपासताना स्पीकर सुटा ठेवून सेट चालू करू नका, त्याने मात्र चांगला ट्रान्झिस्टर खरंच जाईल.

सासवडची_सून
दिवे घाटातून जाणार ना? मग फ्युएल पंपाकडे लक्ष द्या. चढाला पंप तापला की पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. आमचे सासरे पाण्याची बाटली आणि एक फडकं कायम जवळ ठेवायचे. पंपावर ओलं फडकं, दहा मिनिटं थांबायचं, की गाडी सुरू.

जुनाश्रोता
विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली. गाडीत रेडिओ असणं म्हणजे तेव्हा केवढं अप्रूप! पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स भरावं लागायचं, आमच्याकडे ती पुस्तिका अजून आहे. तुमच्या सेटला पाच दाबाची बटणं आहेत का? बटण बाहेर ओढायचं, डायलवर स्टेशन लावायचं आणि बटण आत दाबायचं, की स्टेशन बटणाला बसायचं. मला त्याचं फार वेड होतं.

मुठाकाठ
हो, पाच बटणं आहेत. ट्रान्झिस्टरचा आहे, आवाज लगेच येतो. इंजिन बंद असताना हलकी खरखर, चालू केलं की टकटकटक, रेस दिली की टकटकही वाढते. दिवाळीत गाडीला रंग दिला, त्याआधी व्यवस्थित वाजत होता.

सोल्डरकाका
अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! रंगाच्या वेळी एरियल काढला होता का?

मुठाकाठ
काढला असेलच, फेंडर नवीन रंगवलाय. गॅरेजवाल्याने वायरही बदलून दिली, जुनी कडक झाली होती म्हणे.

सोल्डरकाका
एरियलचा प्लग रेडिओतून काढा. मीटर ओहमवर ठेवून प्लगचं बाहेरचं कडं आणि गाडीची बॉडी तपासा, जवळपास शून्य दाखवायला हवं. मग मधली पिन आणि एरियलची काडी, तिथेही शून्य. काडी आणि बॉडी यांच्यात मात्र काहीच दाखवता कामा नये. वायर कुठली घातलीय तेही बघा.

मुठाकाठ
कड्याला शून्य नाहीच, मीटर हलत नाही. फेंडरच्या आत हात घालून नट सोडवला. खाली पुट्टी, प्रायमर, रंग असे तीन थर, आणि एरियलची दातेरी वॉशर त्या रंगावरच बसवलेली. धातूपर्यंत दात पोचलेच नव्हते. वायर काळी, जाड, टीव्हीची.

सोल्डरकाका
सापडलं. वॉशरपुरता रंग पॉलिशपेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, ग्रीस लावून घट्ट बसवा, नाहीतर गंज धरेल. कड्याला अर्थिंग मिळालं नाही की वायरच इंजिनची खरखर गोळा करते. टीव्हीच्या वायरीची कपॅसिटन्स (विद्युतभार धरून ठेवायची क्षमता) गाडीच्या एरियलच्या वायरीपेक्षा साधारण दुप्पट असते, त्यामुळे सेटचं पहिलं ट्यूनिंग सरकतं. मूळ प्रकारची वायर मिळवा. मग एरियल पूर्ण उंच करून, काटा १४०० च्या आसपास नेऊन, एरियलच्या सॉकेटजवळचा ट्रिमरचा (ट्यूनिंग बारीक जुळवायचा) स्क्रू आवाज सगळ्यात मोठा होईपर्यंत हळू फिरवा. स्टेशन नसलं तरी नुसत्या खरखरीवर जमतं.

हडपसरी
रंगाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वायर तपकीर गल्लीत मिळेल, उद्या तिकडेच आहे, हवी तर घेऊन ठेवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मुठाकाठ
वायर मिळाली, हडपसरी, मनापासून आभार. ट्रिमर फिरवताना एकदम ७९२ वर बातम्या लागल्या, आई घरातून धावत बाहेर आली. इंजिन चालू केल्यावर टकटक अजून थोडी आहे. बॅटरी चार्ज करायला डायनामोच आहे, अल्टरनेटर नाही.

सोल्डरकाका
इग्निशन कॉइलवर १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर (खरखर दाबणारा कपॅसिटर) लावा, त्याच्या बॉडीला नीट अर्थिंग हवं. रेसबरोबर टकटकीऐवजी शिट्टीसारखा आवाज आला असता तर डायनामोच्या जाड वायरीच्या टोकावर लावायला सांगितलं असतं. डायनामोच्या दुसऱ्या, फील्डच्या टोकाला कधीही लावू नका.

मुठाकाठ
कॉइलला दोन टोकं आहेत. कुठल्या टोकावर?

सोल्डरकाका
ज्यावरून डिस्ट्रिब्युटरकडे बारीक वायर जाते ते सोडून दुसऱ्या. त्या बारीक वायरीच्या टोकावर लावलात तर ठिणगी मंदावेल आणि घाट चढणार नाही.