गांधीजयंतीला गच्चीवर मुन्नाभाई: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा (जुळे सोलापूर)

सचिव: नमस्कार. २ ऑक्टोबरला संध्याकाळी ७ वाजता गच्चीवर सिनेमा. प्रोजेक्टर ४०३ देणार, पडद्यासाठी दोन पांढऱ्या चादरी जोडून शिवून घेतल्यात. सिनेमा ‘लगे रहो मुन्नाभाई’. काही म्हणणं असेल तर आजच सांगा.

१०१ आजोबा: माझा विरोध आहे. गांधीजयंतीला गुंडाचा सिनेमा? पोरं आधीच जिन्यात एकमेकांना ‘ए मामू’ करायलेत.

४०३: आजोबा, गुंड असला तरी मनानं चांगलाय की ओ.

१०१ आजोबा: मनानं सगळेच चांगले असतात. हा लोकांची घरं रिकामी करून देतो, त्याचं काय?

२०४ वहिनी: त्यापेक्षा पहिला भाग, ‘मुन्नाभाई एमबीबीएस’, लावू या का? आमच्या पोरांनी तो बघितलाच नाही. दुसरा कळायचा कसा?

४०३: कळतो वहिनी. पहिल्याची गोष्ट पुढं चालूच नाही. मुन्ना आणि त्याचा साथीदार सर्किट तेवढे तेच. २००३ च्या पहिल्या भागात बोमन इराणी मेडिकल कॉलेजचे डीन होते, २००६ मध्ये तेच लकी सिंग झाले. जिमी शेरगिल पहिल्यात कॅन्सरचा पेशंट, दुसऱ्यात शेअरबाजारात वडिलांचे पैसे घालवलेला व्हिक्टर. बघताना हे आठवतसुद्धा नाही. दुसरा भाग काढायचा तर असा काढावा, नुसतं पहिलंच गरम करून वाढायचं नाही.

१०१ आजोबा: नटांचं राहू द्या. सोलापुरात गांधी हा चेष्टेचा विषय नाही. १९३० चा मार्शल लॉ, इंग्रजांचा लष्करी अंमल, आमच्या वडिलांनी डोळ्यांनी बघितला. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फासावर दिलं. त्यांचे पुतळे रोज बघतो आपण.

३०२ काकू: आजोबा, त्याच्यावरच लिहिते. जरा मोठं होईल, वाचा.

मुन्ना गुंडच आहे आणि राजकुमार हिरानींनी ते लपवलेलं नाही. रेडिओवरच्या जान्हवीला भेटायला मिळावं म्हणून हा गांधीजींवरची प्रश्नमंजुषा जिंकतो, ती प्राध्यापकांना उचलून आणून. तिला सांगतो, मी इतिहासाचा प्रोफेसर. ती वृद्धांपुढं बोलायला बोलावते तेव्हा धाबं दणाणतं आणि मग हा वाचनालयात जाऊन तीन दिवस-रात्र गांधी वाचत बसतो. खोटं निभवायला म्हणून का होईना, वाचतो. वाचता वाचता त्याला गांधीजीच समोर दिसायला लागतात. पुढचं सगळं त्या वाचण्यातून येतं.

आता तुमच्या मार्शल लॉचं. गांधीजींना मे १९३० मध्ये अटक झाली आणि आपलं गाव पेटलं. मोर्चे निघाले, गोळीबार झाला, पोलीस चौक्या जळाल्या, कोर्ट जळालं. प्रेम गांधींवर, पण राग काही आवरला नाही. हुतात्म्यांची तुलना मी कुणाशी करत नाही, ते पाप माझ्या हातून व्हायचं नाही. पण गांधी पटतो आणि हात मात्र आवरत नाही, ही ओढाताण या गावानं सोसली आहे. सिनेमात पहारेकरी मुन्नाच्या गालावर मारतो. मुन्ना दुसरा गाल पुढं करतो, पहारेकरी त्याच्यावरही मारतो, आणि तिथं मुन्नाचा संयम संपतो. सगळे हसतात. मला तो प्रसंग फार खरा वाटतो. एका दिवसात कुणी गांधी होत नाही.

आणि सर्किटची माफी. रागाच्या भरात ज्याच्यावर हात टाकला, त्या जिवाभावाच्या माणसासमोर उभं राहून ‘चुकलो’ म्हणायचं. अख्खी मुंबई ज्याला घाबरते त्याला एवढं बोलणं जड जातं. संजय दत्तनं आणि अर्शद वारसीनं तो प्रसंग असा केलाय की मी दर वेळी रडते.

मागच्या पाण्याच्या दिवशी टाकी वाहून गेली, तेव्हा मी वॉचमनमामांना सगळ्यांदेखत नको ते बोलले. चार-चार दिवसांनी येणारं पाणी, डोळ्यांसमोर वाहून गेलं की जीव तुटतो हो. नंतर प्लंबर म्हणाला, टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक अडकला होता, मामांनी मोटर वेळेवर बंद केली होती. रविवारी खाली जाऊन त्यांची माफी मागितली. त्याआधी दोनदा दारातून परत फिरले होते. मामा म्हणाले, ‘असू द्या अक्का.’ पोरांनी हा सिनेमा बघावा तो त्या माफीसाठी.

२०४ वहिनी: काकू 🙏 मामांना मीही त्या दिवशी बोलले होते. जाते उद्या.

बी विंग ५०१: सिनेमात तो जिन्यात पिंक टाकणारा आहे ना? रेडिओवर मुन्ना सांगतो, तो थुंकला की हसून पुसून टाक. आपल्या दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात हे करायला मी तयार आहे. बादली माझी.

सचिव: त्या कोपऱ्यात देवांच्या फरशा लावायचं कोटेशन आलंय. ते थांबवतो महिनाभर. आधी बादली.

१०१ आजोबा: ३०२, वाचलं. दोनदा वाचलं. एक सांगा, त्यात गांधीजी कोण झालंय?

३०२ काकू: दिलीप प्रभावळकर. ह्या आणि ‘शेवरी’तल्या कामाला मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१०१ आजोबा: चिमणराव?

४०३: आणि तात्या विंचूपण 😄

१०१ आजोबा: अहो, ‘हसवाफसवी’ नाटकात एकटा माणूस सहा जण व्हायचा. मी दोनदा बघितलंय. हे आधी सांगायचं की. मग ते गांधीजी सगळ्यांना दिसतात का?

४०३: फक्त मुन्नाला दिसतात. आणि मुन्नाला जेवढं माहीत आहे तेवढंच त्यांना बोलता येतं. पुढचं सांगत नाही, बघा.

२०४ वहिनी: शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्याकडं. दही कुणीतरी आणा.

सचिव: २ तारखेला पहाटे पाणी येणार आहे, तेवढं भरून घ्या. सिनेमा अडीच तासांच्या आत संपतो. मामांचीही खुर्ची वर नेतोय, तेवढा वेळ गेटवर मी बसतो.

१०१ आजोबा: गेटवर मला बसवू नका. माझी खुर्ची पुढच्या रांगेत ठेवा, चष्म्याचा नंबर वाढलाय.